डोक्याच्या जागी नारळ

खुळ्ळ.

दुपारच्या सामसूम घरात एवढाच आवाज झाला आणि माझा हात कागदावरच थांबला. शरू निजलीय असं समजून मी लिहायला बसले होते. मी शिकवते ती अंगणवाडी सुटल्यापासून चहाची वेळ होईपर्यंत जेवढं मिळतं तेवढंच माझं. ती निजली नव्हती. पाटावर उभी राहून तिनं देव्हाऱ्यावरच्या फळीवरचा नारळ खाली काढला होता आणि कानाशी धरून हलवत होती.

"ठेव तो जागेवर."

"आई, यात काहीतरी आहे. वाजतंय."

"खोबरं सुटलंय आतून. ठेव म्हटलं ना."

तिनं दोन्ही हातांनी ठेवला, शेंडी वर करून, मी ठेवते तसाच. मग अंथरुणावर जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली. त्या नारळाला हात लावायचा नाही हे तिला माहीत आहे. का, ते मी कधी सांगितलं नाही. आता ती सात वर्षांची झाली, शाळेत जाते, चार पोरांत बसते. दुसऱ्या कुणी सांगायच्या आत मीच सांगायला हवं. तिला सांगण्याआधी एकदा इथं मांडून बघते.

तेव्हा शरू नुकती धरून उभी राहायला लागली होती. तिला कडेवर घेऊन मी पोलीस ठाण्यात गेले होते, आणि फौजदार मोकाशींच्या टेबलासमोर बसले होते. ती टेबलावरचा पेपरवेट ओढत होती, मी तिचा हात ओढत होते.

"ताई, कॅनॉलला माणूस वाहून जाणं ही आमच्याकडं काही नवी गोष्ट नाही," मोकाशी म्हणाले. "दरसाल दोघं-तिघं जातात."

"पाण्यात जातात साहेब. कोरड्यात कसा जाईल?"

"कोरडा? मी स्वतः पंचनामा केलाय. दोन्ही थड्या भरून चाललं होतं पाणी."

"तुम्ही आलात तेव्हा. हे गेले तेव्हा नव्हतं."

हे म्हणजे युवराज, माझे मालक. पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कॅनॉलची दारं उघडायची, बंद करायची, कुणाच्या उसाला कधी पाणी ते पाळीपाळीनं सोडायचं, हे पाटकऱ्याचं काम. आमच्या गावात सरपंचापेक्षा जास्त शिव्या पाटकऱ्याला बसतात. कॅनॉल वाहता असताना चोरी दिसत नाही. पाइप पाण्याखाली पुरलेले असतात. म्हणून पाणी सोडायचं आवर्तन संपलं, दार बंद झालं आणि तळ उघडा पडला, की हे आत उतरून चालत जायचे. "कॅनॉलचं पोट बघून येतो," म्हणायचे. डॉक्टरच जणू. आल्यावर सांगायचे, आज अमक्याच्या मळ्यापाशी पोटात गाठ सापडली.

त्या दिवशीही चहा पिऊन, शरूचं नाक ओढून, "पोट बघून येतो" म्हणूनच गेले. आले नाहीत.

आम्ही ठाण्यात गेलो तर म्हणाले, नवरा-बायकोचं भांडण झालं असेल, येईल दोन दिवसांत. मोटारसायकल पुलाशेजारी, गावचे बडे बागायतदार बापूसाहेब यांच्या मळ्याच्या बांधाला उभी होती. तेही आम्हीच शोधून सांगितलं. शेवटी फौजदार कॅनॉलवर आले, पण तोवर पुढच्या गावांना प्यायला म्हणून वरून अचानक पाणी सोडलं होतं. साहेब काठावर उभे राहिले. समोर तुडुंब पाणी, शेजारी मोटारसायकल. तिथंच उभ्या उभ्या ठरलं, पाय घसरला, वाहून गेला.

"पाणी असतं तर ते तिकडं गेलेच नसते, साहेब," मी म्हणाले. "तळ बघायला गेलेला माणूस भरल्या कॅनॉलवर कशाला जाईल? दार त्यांनीच बंद केलं होतं. ऑफिसात विचारा."

"विचारलं. शाखाधिकारी म्हणतात, थोडंफार असेल पाणी."

"थोडंफार म्हणजे?"

"घोटाभर धरा. घोटाभर पाण्यातसुद्धा माणूस बुडतो ताई. चक्कर येते, पालथा पडतो."

"बुडेल. पण घोटाभर पाणी त्याला वाहून नेईल? मग तिथंच सापडायला हवे होते ना?"

दाराशी उभे असलेले हवालदार खोकले. ते खोकणं नव्हतं, हसू होतं. मोकाशींनी त्यांच्याकडं बघितलं तसे ते बाहेर गेले.

"तुम्ही वकील आहात का?"

"नाही. पाटकऱ्याची बायको आहे. गाडी बापूसाहेबांच्या बांधाला सापडली. आधीच्या आवर्तनाला यांनी त्यांची पाणी उपसायची मोटार जप्त केली होती, सगळ्या गावाला माहीत आहे. त्यांच्या माणसांना काही विचारलंत?"

मोकाशींनी पेन खाली ठेवलं. आवाज एकदम मऊ केला. मला त्या मऊ आवाजाचीच जास्त भीती वाटली.

"हे बघा. तुमच्या सासऱ्यांशी बोललोय मी. विधी करून घ्या. प्रेत मिळत नाही तेव्हा पुतळा करून करतात ना, तसा. एकदा घरच्यांनी विधी केला की आम्हालाही प्रकरण पुरं करता येतं. तुम्हाला खात्यात अनुकंपावर नोकरी मिळेल. या लेकराचा विचार करा."

लेकरानं तोवर पेपरवेट तोंडात घातला होता. मी तो काढून, पदरानं पुसून त्यांच्यासमोर ठेवला आणि उठले.

घरी आले तर मामा, म्हणजे माझे सासरे, सोप्यात बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, त्यावरूनच कळलं की ठरलंय.

"उद्या सकाळी घाटावर," ते म्हणाले. "जोशी गुरुजींना सांगितलंय."

"मामा, त्या दिवशी कॅनॉलला पाणी होतं?"

"आता त्याचा काय उपेग?"

"होतं का नव्हतं?"

"रोहिणी, या गावात ऱ्हायचं हाय आपल्याला. ऊस उभा हाय रानात. तोडीची टोळी कुणाच्या सांगण्यावरनं येती, पाळी कुणाच्या सांगण्यावरनं लागती, तुला म्हाईत न्हाई?" आणि मग अगदी हळू, "एक गेला. धाकटा हाय अजून."

मी आत गेले. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, चुलीपुढं बसल्या होत्या. चूल पेटलेली नव्हती. त्यांनी माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्यांकडं बघितलं आणि मान फिरवली. उद्या त्या फुटणार होत्या.

"आत्याबाई, तुम्हाला वाटतं ते गेले म्हणून?"

"मला काय वाटतंय ते आजपातुर कुणी इचारलंय का ह्या घरात?"

"मी विचारते."

त्या राख उकरत बसल्या. मग म्हणाल्या, "म्या त्याच्यासाठी रोज भाकरी जास्तीची थापते. तुझ्या ध्यानात न्हाई आलं?"

ध्यानात आलं होतं. मला वाटत होतं, सवयीनं होतं त्यांच्याकडून.

सकाळी पुरुषमाणसं घाटावर गेली. मी शरूला अंघोळ घालत होते. माझ्या मनात काय आहे ते मी कुणाला बोलले नव्हते, मला स्वतःलाही धड माहीत नव्हतं. तिला टॉवेलात गुंडाळलं तर आत्याबाई मागं उभ्या, हातात लोकरीचं टोपडं.

"हे घाल तिला," त्या म्हणाल्या. "नदीवर वारं असतंय."

एवढंच. आणि परसदाराची कडी त्यांनीच काढली.

आमच्याकडं बाया घाटावर जात नाहीत. लेकुरवाळी तर नाहीच. गावातून चालले तेव्हा दारादारातून बाया उठून उभ्या राहिल्या. एकीनं हाक मारली, "अगं ए रोहिणे, कुठं निघालीस? अपशकुन असतोय गं, पोरीचा तरी इचार कर!" मी तिच्या विचारानंच निघाले होते.

घाटावर दहा-पंधरा माणसं होती. भावकी, शेजारी, बापूसाहेबांचा मुकादमही होता, जरा लांब, झाडाखाली. मधे गुरुजींनी पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस मांडला होता. हात, पाय, छाती, सगळं. पांढरं वस्त्र घातलेलं. डोक्याच्या जागी नारळ, आणि नारळाला डोळे म्हणून दोन कवड्या लावलेल्या. मी ऐकलं होतं, पण बघितलं नव्हतं. यांचे डोळे बारीक होते, हसताना मिटायचे. त्या कवड्या टक्क उघड्या होत्या.

मामा ओल्या धोतरानं उभे होते. हातात गवताचा पेटता चुडा.

"कुणी सोडलं हिला?" चुलतसासरे ओरडले. "ए पोरी, मागं फिर. बाईमाणसाचं काम न्हाई हितं."

"काम नाही माझं. विचारायला आले. गुरुजी, एक सांगा. माणूस बेपत्ता असेल तर त्याची वाट किती वर्षं बघायची असते?"

गुरुजी म्हातारे होते. अवघडले. "शास्त्राप्रमाणं... बारा वर्षं."

"मग आज कसं काय?"

"नुसता बेपत्ता असेल तर बारा, बाळ. पण मृत्यूच झाला हे नक्की असेल तर थांबायचं कारण नाही. पोलिसांनी सांगितलं, वाहून गेले म्हणून."

"आणि पोलीस काय म्हणतात माहीत आहे? घरच्यांनी विधी केला म्हणजे माणूस गेला हे नक्की. तुम्ही त्यांच्या सांगण्यावरून जाळणार, ते तुमच्या जाळण्यावरून प्रकरण मिटवणार. मधल्या मधे माझा नवरा मेला. कुणी मारला न मारला, कुणाला काही बघायलाच नको."

गुरुजींनी हातातली पळी ताम्हनात ठेवली. आवाज झाला तेवढाच.

मी वळले. शरूला दुसऱ्या कडेवर घेतलं. हे सगळे मला ओळखीचे होते. यांच्या पोरी माझ्या लग्नात करवल्या होत्या, यांच्या घरी मी हळदीकुंकवाला जात होते.

"तुम्ही सगळे कॅनॉलवरचे. त्या दिवशी ज्याच्या उसाला पाणी मिळालं, त्यानं पुढं यावं आणि मामांच्या हातातला चुडा घेऊन आग लावावी. मी एक शब्द बोलणार नाही. इथंच बांगड्या फोडते."

कुणी पायाकडं बघत होतं, कुणी नदीकडं. चुलतसासऱ्यांचा ऊस त्या हप्त्यात पाण्यावाचून करपायला लागला होता. पाटकऱ्यानं दार बंद केलं म्हणून आमच्या दारात येऊन शिव्या देऊन गेले होते ते.

"काका, तुम्ही या. तुम्हाला मिळालं होतं?"

झाडाखालून मुकादम म्हणाला, "म्हातारबा, उरका आता. बाईचं डोकं ठिकाणावर न्हाई. दुःखानं होतंय असं."

मामांनी त्याच्याकडं बघितलं. मग त्या पानांच्या माणसाकडं. चुड्यातल्या ठिणग्या त्यांच्याच पायावर पडत होत्या आणि त्यांना कळत नव्हतं.

"पाणी नव्हतं," ते म्हणाले.

"मामा, मोठ्यानं."

"पाणी नव्हतं!" असा आवाज मी त्यांचा पूर्वी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. "टिपूस नव्हता कॅनॉलला! म्या सोता दुपारी त्यातनं पायी पलीकडं गेलोय, वैरण आणाया! चप्पल बी भिजली न्हाई माझी!"

आणि त्यांनी चुडा नदीत फेकला. चर्रर्र झालं. शरू दचकून रडायला लागली.

मी खाली वाकले आणि नारळ उचलला. कवड्या गळून पडल्या. भावकीतला एक जण चार पावलं मागं सरला, जणू मी साप उचलला होता. "अगं टाक ते! त्याला हात लावू नये!" मी गुरुजींकडं बघितलं.

"घेऊन जा," ते म्हणाले. आपली भांडी गोळा करता करता पुटपुटले, "जाळला नाही तो अजून. नारळच आहे."

ठाण्यापर्यंत बाजारातून जावं लागतं. पुढं मी, एका कडेवर पोर, दुसऱ्या हातात नारळ. मागं मामा, ओल्या धोतरानं, अनवाणी. दुकानं थांबल्यासारखी वाटली. न्हाव्यानं अर्ध्या दाढीवर वस्तरा उचलून धरला होता.

मोकाशी चहा पीत होते. मी त्यांच्यासमोर टेबलावर नारळ ठेवला. तो जरा घरंगळला आणि पेपरवेटाला टेकून थांबला. शरू रडायची थांबली.

"हे काय?"

"माझ्या नवऱ्याचं डोकं, साहेब. तुमच्या तपासात एवढंच सापडलं. बाकीचा माणूस शोधून द्या."

त्यांना आधी समजलं नाही. मग मामांच्या धोतराकडं, नारळाला चिकटलेल्या दर्भाकडं त्यांचं लक्ष गेलं आणि ते खुर्चीसकट मागं सरले. चहा सांडला.

"विधीतला नारळ? इथं? ताई, उचला तो. पहिला उचला."

"उचलते. आधी मामा काय सांगतात ते लिहून घ्या."

"हवालदार! हे बाहेर नेऊन ठेवा."

हवालदार दारातच उभे राहिले. "साहेब, माझ्या घरी बाळंतीण आहे," ते म्हणाले.

"शिंदे!"

शिंदे दिसेनासे झाले. आत एक लेडी कॉन्स्टेबल टाइप करत होत्या, त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. ठाण्यात एवढी माणसं, चोर-दरोडेखोर हाताळणारी, पण त्या नारळाला कुणी हात लावेना. मोकाशी स्वतः दोनदा हात पुढं करून थांबले. शरू तेवढी पुढं वाकली आणि तिनं त्याच्या शेंडीला धरून चापट मारली. मग हसली. तिच्या हसण्यानं त्या खोलीत जे झालं ते मला सांगता येणार नाही. मोकाशींनी डोळे मिटून घेतले.

"बसा, म्हातारबा," ते म्हणाले.

"बसत न्हाई. लिवा. त्या दिशी कॅनॉलला पाणी नव्हतं."

"इतके दिवस का नाही बोललात?"

"तुम्ही इचारलं न्हाई," मामा म्हणाले. "आन मला बी वाटत व्हतं, कुणी इचारू नये."

लिहून झालं. पंचनाम्यातलं वाहून जाणं खोडलं गेलं आणि गुन्हा दाखल झाला, माणूस पळवून नेल्याचा. मोकाशींनी सही केली आणि पेन झटकून ठेवलं. मी नारळ उचलला तेव्हा त्यांनी सुस्कारा सोडला, आणि मग खाली मान घालून म्हणाले, "घरी नेऊ नका ताई. नदीत सोडा."

मी घरी नेला.

सगळं एवढ्यावर मिटलं असं नाही. मुकादमाला आठवडाभर ठेवून सोडलं. मोकाशींची बदली झाली. त्या साली टोळी आमच्या रानात सगळ्यांत शेवटी आली, ऊस निम्मा वाळला. पुढच्या वेळी कॅनॉल कोरडा पडला तेव्हा मामा आणि मी आत उतरून चालत गेलो, हे चालायचे तसं. बापूसाहेबांच्या बांधापाशी तळाला एक जागा नव्या सिमेंटनं लिंपलेली होती. आम्ही पोलीस आणले. खणलं. पाइप निघाला. हे निघाले नाहीत.

अनुकंपाची नोकरी मी घेतली नाही, त्यासाठी ते गेले असं सही करून द्यावं लागतं. नवा साहेब आला की मी जाते. प्रत्येक जण मला आधी तेच सांगतो, बारा वर्षं थांबू नका. बांगड्या हिरव्याच आहेत. गावात बोलतात. मामा मागच्या साली गेले, आणि जायच्या आदल्या दिवशी त्यांनी फळीकडं बोट दाखवून विचारलं होतं, "हाय न्हवं जागेवर?" आत्याबाई अजून भाकरी जास्तीची थापतात. दुपारी ती आम्ही दोघी अर्धी अर्धी खातो.

इथवर लिहिलं आणि मागं चाहूल लागली. शरू उठून माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभी होती. तिला जोडाक्षरं अजून नीट वाचता येत नाहीत, पण 'नारळ' वाचता येतं.

"आई, तू त्याचंच लिहितेस?"

"हो."

"तो बाबांचा आहे ना? आजोबा म्हणाले होते."

"काय म्हणाले होते?"

"एवढंच. तुझ्या बाबाचा हाय, पडू देऊ नको." ती फळीकडं बघत होती. "आधी त्यात पाणी होतं?"

"होतं."

"मग कुठं गेलं?"

"आटलं हळूहळू."

तिनं विचार केला. आमच्याकडं नारळ कुणी घरी आल्यावर फोडतात, ओवाळून. कुणी गेलं तरी फोडतात. तिनं दोन्ही बघितलंय. माझ्या हातातल्या बांगड्या ती एकेक करून मागं-पुढं सारत राहिली.

"आई," ती म्हणाली, "मग आपण तो कधी फोडायचा?"